मूळ पुरुषाच्या आधी

ब्रुनेईच्या सुलतानांच्या राजवाड्यात १७८८ खोल्या आहेत आणि २५७ न्हाणीघरं. हे वाचल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की ही सगळी घासतं कोण? मध्यमवर्गीय मराठी माणूस वैभवाकडे नेहमी साफसफाईच्या बाजूने बघतो. झुंबर दिसलं की त्याला जळमटं आठवतात, पांढरा संगमरवर दिसला की चहाचे डाग. शिवाय आमचं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलेलं. मजल्याच्या टोकाला सगळ्या बिऱ्हाडांत मिळून दोन संडास, आणि सकाळी बादली घेऊन रांगेत उभं राहिलं की पुढच्याच्या खोकल्यावरून तो कधी बाहेर येईल याचा अंदाज बांधायचा. सुलतानांनी रोज एक न्हाणीघर वापरायचं ठरवलं, तर पहिल्याची पाळी पुन्हा साडेआठ महिन्यांनी येणार. तोवर गीझरने मान टाकलेली असते.

सुलतान हसनल बोल्किया १९६७ पासून गादीवर आहेत आणि त्यांच्या घराण्याची राजवट सहाशे वर्षांची सांगतात. भरभराट मात्र सहाशे वर्षांची नाही. ती सुरू झाली १९२९ साली, सेरिया नावाच्या दलदलीच्या भागात तेल लागलं तेव्हा. आता तेल म्हणजे तरी काय, तर कोट्यवधी वर्षांपूर्वी गाळात गाडल्या गेलेल्या जीवांचा आणि पालापाचोळ्याचा अर्क. तेव्हा इस्टेट वडिलोपार्जित आहे हे कबूल करायलाच हवं. वडील जरा लांबचे, आणि माणसांत जमा नसलेले, इतकंच.

तेल जमिनीत कसं आलं हे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. ते एका माणसाच्या नावावर कसं आलं, हे विचारायचं कोणाला? थायलंडमध्ये राजघराण्याची मिळकत सांभाळायला एक स्वतंत्र खातं होतं. बँकॉकमधल्या मोक्याच्या जागा, एका मोठ्या बँकेचे आणि मोठ्या सिमेंट कंपनीचे शेअर, असा तो पसारा. महा वजिरालोंगकोर्न राजे झाल्यावर २०१७ साली कायदा बदलला आणि पुढच्या वर्षी ही सगळी मिळकत थेट राजांच्या नावावर लागली. आमच्या गावच्या अडीच गुंठ्यांवर वारसनोंद व्हावी म्हणून माझ्या वडिलांनी तलाठ्याकडे घातलेल्या खेपा आठवल्या, आणि पहिल्यांदाच मला एखाद्या राजाचा मनापासून हेवा वाटला. हिऱ्यामाणकांचा नाही. फेरफाराचा.

मालकीहक्काचे खरे दर्दी मात्र इंग्लंडचे राजे. खुल्या पाण्यातला, पायाला किंवा चोचीला कोणाचीही खूण नसलेला मूक हंस तिथे राजाचा असतो. दरवर्षी जुलैत लाल कोटातली माणसं वल्ह्यांच्या होड्या घेऊन थेम्स नदीत उतरतात, हंस आणि त्यांची पिल्लं धरतात, तपासतात, वजन करतात आणि सोडून देतात. किनाऱ्याला लागलेला देवमासा राजाचा, स्टर्जन मासाही राजाचा. हा कायदा चौदाव्या शतकातला. देवमासा मरून आठवडाभर उन्हात पडला असेल तेव्हा ही मालकी कितपत गोड वाटत असेल, देव जाणे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्राचा तळही राजसत्तेच्या खात्यावर आहे. कैक शतकं त्या तळाचं कोणाला काही वाटलं नाही. मग समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहायला लागल्या आणि त्यांच्या भाड्याने ते खातं असं फुगलं की २०२३-२४ साली त्याचा नफा शंभर कोटी पौंडांच्या वर गेला. पैसा सरकारी तिजोरीत जातो आणि त्या नफ्याच्या प्रमाणात राजघराण्याचं वर्षासन ठरतं. म्हणजे वारा सुटला की राजाला मिळतं. आपल्याकडे वारा सुटला की वीज जाते.

सगळ्यात मासलेवाईक प्रकार पुढेच आहे. लँकेशरमधला एखादा माणूस मृत्युपत्र न करता आणि मागे कोणी नातलग न ठेवता गेला, तर त्याची पुंजी डची ऑफ लँकेस्टर नावाच्या राजाच्या जहागिरीकडे जाते. कॉर्नवॉलमध्ये गेला तर युवराजाच्या जहागिरीकडे, जी १३३७ सालापासून थोरल्या मुलासाठी राखलेली आहे. खर्च वजा जाता हा पैसा धर्मादायाला जातो असं जहागिरीची माणसं सांगतात. ते असो. पण सामान्य माणसाची इस्टेट एका मर्यादेच्या वर गेली की तिथे चाळीस टक्के वारसाकर आहे. आणि २०२२ च्या सप्टेंबरात एलिझाबेथ राणी गेल्या तेव्हा त्यांची खासगी मिळकत चार्ल्स यांना मिळाली ती हा कर न भरता. एका राजाकडून पुढच्या राजाकडे जाणाऱ्या मिळकतीला तो लागू नाही, असं १९९३ साली ठरलेलं आहे. थोडक्यात, ज्याला वारस नाही त्याचाही वारस राजा, आणि राजाचा वारस तर राजा आहेच.

हे सगळं ज्या एका खुंटीला टांगलेलं आहे ती म्हणजे वंशावळ. ती कशी तयार होते हे मला नानाकाकांमुळे कळलं.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढायचं घाटतंय. पोस्टातून निवृत्त झाल्यावर नानाकाकांनी हे काम अंगावर घेतलं आणि तेव्हापासून भाऊबंदांपैकी कोणाच्या मुंजीत सुखाने जेवता आलेलं नाही. ते पंगतीत शेजारी येऊन बसतात आणि कापडी पिशवीतून छापील फॉर्म काढतात. नाव, जन्मतारीख, शिक्षण, हुद्दा, पत्नीचं माहेरचं नाव, अपत्यं, आणि शेवटी ‘विशेष माहिती’. या शेवटच्या रकान्यात अर्ध्या लोकांनी परदेशप्रवास लिहिलाय. एकाने ‘मधुमेह नाही’ असं लिहिलंय, आणि आमच्या घराण्यात ती खरोखरच विशेष माहिती आहे.

“काका, आपला वंश मागे कुठवर लागतो?” मी विचारलं.

“मूळ पुरुष त्रिंबकभट. कोकणातून घाटावर आले. सनद आहे, इनामाची.”

“आणि त्यांचे वडील?”

नानाकाकांनी मठ्ठ्याचा घोट घेतला. “त्यांची नोंद नाही.”

“पण होते ना?”

“होते रे, नसायला काय झालं? पण जमीन मिळाली ती त्रिंबकभटांना. वृत्तांत तिथूनच सुरू करायचा असतो.”

आणि ते जिलबीकडे वळले. मी बराच वेळ पानाकडे बघत बसलो. एका निवृत्त पोस्टमास्तराने जेवता जेवता राजघराण्यांचं सगळं गुपित सांगून टाकलं होतं. वंशावळ जन्मापासून सुरू होत नाही. ती जमिनीपासून सुरू होते. त्रिंबकभटांच्या बापाला इनाम मिळालं नाही म्हणून त्याला नावही मिळालं नाही.

इंग्रजांनी हेच केलंय. त्यांच्या इतिहासात ‘एडवर्ड पहिला’ म्हणून जो राजा आहे, त्याच्या आधी इंग्लंडच्या गादीवर तीन एडवर्ड होऊन गेले. पण ते १०६६ च्या आधीचे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने येऊन देश जिंकला, जमीन आपल्या लोकांत वाटली, आणि राजांचे आकडे मोजायचे ते तिथून. त्यामुळे चौथ्या एडवर्डला पहिला म्हणतात. पहिले तीन बिचारे त्रिंबकभटांच्या वडिलांबरोबर बसले आहेत.

जपानची तऱ्हा निराळी. तिथल्या सम्राटांचा मूळ पुरुष जिम्मू, आणि तो सूर्यदेवी अमातेरासूच्या वंशातला. मूळ थेट आभाळात नेऊन ठेवलं की पुढे कोणी विचारायला येत नाही. पण १९४६ च्या १ जानेवारीला सम्राट हिरोहितो यांनी आपण देव नसल्याचं जाहीर केलं, आणि पुढच्या वर्षी लागू झालेल्या राज्यघटनेने राजघराण्याची सगळी मिळकत देशाच्या मालकीची केली. देवपण आणि मिळकत पाठोपाठ गेली, हा काही योगायोग नव्हे. हिरोहितोंना त्याचं फारसं दुःख झालं असेल असं मला वाटत नाही, कारण त्यांचा जीव समुद्रातल्या हायड्रोझोआ नावाच्या इवल्या प्राण्यांत अडकलेला होता. त्यांवर त्यांनी पुस्तकं लिहिली. त्यांचे चिरंजीव अकिहितो गोबी नावाच्या माशांचे अभ्यासक. सूर्यदेवीच्या वंशजांनी चिखलातल्या माशांच्या कल्ल्यांपाशी हाडं मोजत बसावं, हे मला फार आवडतं. आपली खरी भाऊबंदकी कोणाशी आहे हे त्या घराण्याने निमूटपणे शोधून काढलं.

आता हे रक्त, ज्याच्या जोरावर हंसांपासून हिऱ्यांपर्यंत सगळं मिळतं, ते तरी किती खात्रीचं? इंग्लंडचा राजा रिचर्ड तिसरा १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला. २०१२ साली लेस्टर शहरात गाड्या उभ्या करायच्या एका जागेखाली सांगाडा मिळाला, पाठीचा कणा वाकलेला. तो त्याचाच का, हे ठरवायला डीएनए तपासला. रिचर्डच्या बहिणीपासून मुलीकडून मुलीकडे असा खाली येत आलेला धागा लंडनमधल्या एका सुतारापाशी पोचला होता, आणि तो तंतोतंत जुळला. बापाकडून मुलाकडे येणारा धागा मात्र जुळला नाही. कुठल्या तरी पिढीत, कुठल्या तरी महालात, कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे निघाले. ती पिढी कोणती हे कळायला मार्ग नाही. ज्या धाग्यावर राज्यं चालली तो तुटलेला, आणि ज्या बायकांची नोंद कोणी धड ठेवली नाही त्यांचा शाबूत. नानाकाकांच्या फॉर्ममध्ये ‘पत्नीचं माहेरचं नाव’ या रकान्यात जुन्या पिढ्यांपुढे ओळीने ‘उपलब्ध नाही’ छापलेलं आहे. त्या सुताराने पुढे राजासाठी शवपेटी तयार केली. शाही नात्यातून त्याला काही मिळालं असेल तर एवढं एक काम.

रक्ताची ही भानगड आपल्याकडच्या लोकांना ठाऊक असावी, म्हणून त्यांनी दत्तकाची सोय करून ठेवली. १८७५ साली इंग्रजांनी बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं. त्यांच्या आधीचे राजे खंडेराव यांच्या विधवा जमनाबाई यांना दत्तक घ्यायला मुलगा हवा होता. गायकवाडांच्या एका लांबच्या शाखेचं शेतकरी घर नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाण्याला होतं. तिथली मुलं बडोद्याला नेली. “इथे कशाला आलास?” असं विचारल्यावर बारा वर्षांच्या गोपाळने “राज्य करायला” असं उत्तर दिलं, असं सांगतात. खरं असो वा मागाहून जोडलेलं, उत्तर झकास आहे. मुलाखतीत असं बोलणाऱ्या उमेदवाराला आपण ताबडतोब बाहेर काढू. तोवर धड लिहायवाचायला न शिकलेला हा मुलगा सयाजीराव झाला, जगातल्या श्रीमंत माणसांत गणला गेला, आणि १९०६ साली त्याने आपल्या सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. आदल्या दिवशी गुरांमागे असलेला मुलगा दुसऱ्या दिवशी हिऱ्यांचा धनी झाला तो एका विधीच्या बळावर. खंडेरावांनी करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा पुढे देश सोडून गेला आणि २००९ साली कतारमध्ये दोह्याच्या लिलावात सुमारे पंचावन्न लाख डॉलरना विकला गेला. सयाजीरावांच्या शाळांचा लिलाव काही कोणाला करता आला नाही.

मुळात मागे मोजत जायचं म्हटलं तर हिशोब फार लवकर हाताबाहेर जातो. आईवडील दोन, आजीआजोबा चार, त्यांच्या मागे आठ. असे तीस पिढ्या मागे गेलात, म्हणजे साधारण ज्ञानेश्वरांच्या काळाच्या आसपास, तर पूर्वजांच्या जागा होतात एकशे सात कोटींच्या वर. तेव्हा सगळ्या जगात मिळून याच्या निम्मीसुद्धा माणसं नव्हती. याचा अर्थ तीच ती माणसं तुमच्या झाडावर पुन्हा पुन्हा बसलेली आहेत, माझ्याही झाडावर तीच, आणि सुलतानांच्याही. संख्याशास्त्रज्ञ जोसेफ चँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हा हिशोब रीतसर मांडला, तेव्हा आज जिवंत असलेल्या सगळ्या माणसांचा एक समाईक पूर्वज अवघ्या काही हजार वर्षांपूर्वी होऊन गेला असावा, असं उत्तर आलं. २०१६ साली इंग्लंडमधला एक टीव्ही नट, डॅनी डायर, हा एडवर्ड तिसऱ्याचा वंशज निघाला आणि लोकांना मोठी गंमत वाटली. तिथल्या आनुवंशशास्त्राच्या जाणकारांना ती वाटली नाही. त्यांचं म्हणणं, अहो, इंग्लंडमधल्या बहुतेक सगळ्यांचं असंच निघेल, कागद तेवढा हवा. आणि कागद कोणाकडे असतो, हे नानाकाका सांगून चुकलेत.

आता जरा मागे, कागदाच्या पलीकडे.

चार्ल्स राजांच्या राज्याभिषेकात, ६ मे २०२३ ला, त्यांच्या हातात जो राजदंड दिला त्याच्या टोकाला ५३० कॅरटचा हिरा आहे. तो कलिनन हिऱ्याचा तुकडा. १९०५ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाजवळच्या प्रीमियर खाणीत अखंड कलिनन सापडला तेव्हा ३१०६ कॅरटचा होता, म्हणजे सव्वासहाशे ग्रॅमला थोडा कमी. ट्रान्सवालच्या सरकारने तो दीड लाख पौंडांना विकत घेतला आणि १९०७ साली सातव्या एडवर्डला वाढदिवसाची भेट दिला. लंडनला पाठवताना मोठ्या बंदोबस्तात बोटीने धाडली ती नकली पेटी. खरा हिरा गेला टपालाने, साधं पार्सल करून. हे नानाकाकांना सांगितलं तेव्हा त्यांची छाती अभिमानाने भरून आली. “आमच्याकडे वस्तू कधी गहाळ व्हायची नाही,” ते म्हणाले. माझी एक मनिऑर्डर झाली होती, पण तो विषय मी काढला नाही.

त्या खाणीपासून मोटारीने दोनएक तासांवर, त्याच गाउटेंग प्रांतात, स्टर्कफोंटेनच्या गुहा आहेत. त्या परिसराला ‘मानवजातीचा पाळणा’ म्हणतात आणि १९९९ साली त्याची जागतिक वारशात नोंद झाली. लाखो वर्षांपूर्वीच्या, धड माणूस नाही आणि धड वानर नाही अशा आपल्या आप्तांची हाडं तिथे चुनखडीत मिळाली. त्याच मातीने इंग्लंडच्या राजाला हिरा दिला. राजाने हिरा घेतला. आप्तांबद्दल मात्र इंग्लंडची भूमिका फार वेगळी होती.

१९२४ साली टाउंगच्या चुन्याच्या खाणीतून निघालेल्या दगडांच्या पेट्या जोहान्सबर्गचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक रेमंड डार्ट यांच्या घरी आल्या. त्या दिवशी घरात मित्राचं लग्न, डार्ट स्वतः वराचे पाठराखे, अंगात अर्धवट चढवलेला सूट. नवरामुलगा ताटकळलेला असताना या गृहस्थांनी पेट्या फोडल्या आणि एका दगडात मेंदूचा ठसा दिसल्यावर लग्नाचं भान विसरले. पुढे कित्येक आठवडे बायकोच्या विणकामाच्या सुया टोकदार करून ते दगड कोरत राहिले. नाताळच्या तोंडावर दगडातून एक चेहरा बाहेर आला, तीनचार वर्षांच्या पोराचा, दुधाचे दात असलेला. (त्या सुयांवर कोणाचा स्वेटर अडला, हे मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही.) डार्ट म्हणाले, हा माणसाच्या वाटेवरचा आहे, आणि ती वाट आफ्रिकेतून येते. लंडनच्या विद्वानांनी नाकं मुरडली. कारण त्यांच्याकडे त्यांचा स्वतःचा, खास इंग्रज आद्य पूर्वज होता. १९१२ साली ससेक्समधल्या पिल्टडाउनला सापडलेला. त्याच्या जवळ हत्तीच्या हाडाचं एक अवजार मिळालं होतं, ते थेट क्रिकेटच्या बॅटीच्या आकाराचं. तरीही बहुतेकांना शंका आली नाही! १९५३ साली उघडकीला आलं की कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानचा, दात कानशीने घासलेले. चाळीस वर्षं इंग्लंडने दत्तक बाप सांभाळला होता.

मूळ पुरुषाची ही हौस जगात सगळ्यात निष्ठेने जपली ती इथिओपियाने. तिथल्या १९५५ च्या राज्यघटनेतच लिहिलं होतं की सम्राट हैले सेलासी यांचा वंश राजा सॉलोमन आणि शेबाची राणी यांचा मुलगा मेनेलिक याच्यापासून अखंड चालत आलेला आहे. अखंड हा शब्द कायद्यात घातल्यावर मधल्या खंडांची जबाबदारी इतिहासकारांवर पडते. परंपरेच्या मोजणीने हैले सेलासी दोनशे पंचविसावे. तीन हजार वर्षं.

पण या माणसाला कुतूहल होतं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. केनियाच्या भेटीत तिथले आदिमानवाचे संशोधक लुई लीकी यांच्याशी गाठ पडली तेव्हा, तुमच्याकडे सापडतात तसे अवशेष आमच्या देशात का सापडत नाहीत, असं त्यांनी विचारलं. यातूनच १९६७ साली ओमो नदीच्या काठी फ्रेंच, अमेरिकन आणि केनियन संशोधकांची मोहीम निघाली. तिथे मिळालेल्या आपल्यासारख्याच माणसांच्या कवट्यांचं वय आता दोन लाख वर्षांच्या पुढे गेलंय. ज्याच्या घटनेत वंश तीन हजार वर्षांपाशी सुरू होतो, त्या सम्राटानेच त्याच्या मागचं दार उघडायला परवानगी दिली.

पुढे १९७४ साल उजाडलं. वोलो प्रांतात दुष्काळाने माणसं मरत होती आणि राजधानीत ते कळू दिलं जात नव्हतं. लष्करातल्या अधिकाऱ्यांनी, डर्ग या नावाने एकत्र येऊन, एकेक खातं ताब्यात घेतलं. ११ सप्टेंबरच्या रात्री टीव्हीवर दुष्काळाचा माहितीपट दाखवला, त्यात मध्ये मध्ये राजवाड्यातल्या मेजवान्यांची दृश्यं जोडून. दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकारी आले, पदच्युतीचा कागद वाचून दाखवला, आणि दारात रोल्स रॉइस गाड्यांची सवय असलेल्या सम्राटांना फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या सीटवर बसवून घेऊन गेले. बीटलला दोनच दारं. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून, अंग चोरून आत शिरावं लागतं. ब्याऐंशी वर्षांच्या, सॉलोमनच्या दोनशे पंचविसाव्या वारसाने तसं शिरायचं म्हणजे काय, हे ज्यांनी त्या गाडीतून प्रवास केलाय त्यांना कळेल. सम्राटांनी स्वित्झर्लंडच्या बँकांत अब्जावधी डॉलर दडवलेत, असा डर्गचा आरोप होता. ते पैसे कधी मिळाले नाहीत.

नोव्हेंबरच्या २३ तारखेला डर्गने साठ माणसांना ठार केलं, बहुतेक जुन्या राजवटीतली. यावर विनोद करता येत नाही. दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबरला, ईशान्येकडे अफारच्या वैराण मुलखात, हदार इथे संशोधक डोनाल्ड जोहान्सन आणि टॉम ग्रे गाडीकडे परत निघाले असताना एका ओघळीत वळले आणि जोहान्सनला कोपराच्या हाडाचा तुकडा दिसला. मग मांडीचं, मग कण्याचं, मग बरगड्या. सगळी एकाच व्यक्तीची. उंची साडेतीन फूट, वजन तीस किलोच्या आत, चालायची दोन पायांवर, आणि वय बत्तीस लाख वर्षं. त्या रात्री तळावर टेपरेकॉर्डरवर बीटल्सचं ‘लूसी इन द स्काय विथ डायमंड्स’ वाजत होतं, म्हणून तिचं नाव लूसी पडलं. इथिओपियाचे लोक तिला दिंकिनेश म्हणतात. सॉलोमनचा वारस सप्टेंबरात गादीवरून गेला आणि अडीच महिन्यांनी त्याच देशात जगातल्या सगळ्या घराण्यांची आजी निघाली. सख्खी आजी की चुलत, यावर विद्वानांत अजून वाद आहे. भाऊबंदकी इथेही सुटलेली नाही. २०१६ साली तर टेक्सासच्या संशोधकांनी ती झाडावरून पडून मेली असावी असं हाडांच्या भेगांवरून मांडलं आणि जोहान्सननी ते खोडून काढलं. बत्तीस लाख वर्षांनंतरही म्हातारी कशाने गेली यावर नातलगांचं एकमत नाही, म्हणजे घर आपलंच.

सम्राट १९७५ च्या ऑगस्टमध्ये नजरकैदेत असताना वारले. आजारपणाने गेले असं तेव्हा जाहीर झालं. डर्गची सत्ता गेल्यावर, १९९२ साली, राजवाड्याच्या आवारात फरशीखाली त्यांची हाडं मिळाली, आणि २००० साली आदिस अबाबाच्या होली ट्रिनिटी कॅथीड्रलमध्ये त्यांचं विधिवत दफन झालं. उत्खनन शेवटी दोघांचंही करावं लागलं. म्हातारीचं तुलनेने सोपं गेलं, कारण तिला कोणी लपवलं नव्हतं.

आदिस अबाबातच राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे हैले सेलासींचं भलंमोठं कोरीव सिंहासन ठेवलेलं आहे, आणि त्याच इमारतीच्या तळघरात लूसी. काचेत मांडलेली दिसते ती तिची प्रतिकृती. खरी हाडं संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत खास तिजोरीत कुलपात असतात. सिंहासनाला तिजोरी लागलेली नाही. तिकडे कधी जाणं झालंच, तर आधी तळघरात उतरा. सिंहासन वर येताना बघता येईल.